राज्याभिषेकाचा धडा

दिवाळी उरकली की आमच्या गावात दोनच वयांची माणसे उरतात. साठीच्या पुढची आणि बारा वर्षांच्या आतली. मधली सगळी ऊस तोडायला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी नगरच्या कारखान्यांवर, कोणी पार कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. मुकादम येतो, उचल देतो आणि "गावातून किती कोयते?" असे विचारतो. माणसे किती, असे कोणी विचारत नाही. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, सरपण, कोंबड्या आणि सर्वांच्या वर माणसे चढली, की गावात असा शुकशुकाट होतो की पारावरच्या म्हाताऱ्याचा खोकला शाळेपर्यंत ऐकू येतो.

बालाघाटच्या डोंगरातली, धारूरच्या आसपासची ही कथा नवी नाही. आपल्या महाविद्यालयात माझ्या शेजारी बसणाऱ्या कितीतरी जणांच्या घरची ती आहे. ती मी येथे सांगते आहे ती इतिहासाच्या निमित्ताने.

आईबाप उसाला गेले तरी मुलांची शाळा बुडू नये म्हणून आमच्या गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालते. मुले तेथे दोन वेळा जेवतात, संध्याकाळी अभ्यासाला बसतात आणि रात्री आपापल्या आजीच्या गोधडीत शिरतात. यंदा गुरुजींनी मला एसटीतून उतरतानाच गाठले. म्हणाले, "तू बीएला इतिहास घेतलायस ना? मग संध्याकाळी लेकरांजवळ बसत जा. चौथीचा इतिहास तेवढा घे." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; 'इतिहास घेतलायस ना' हे वाक्य ऐकून अंगावर मूठभर मांस चढले. मी लगेच हो म्हटले. हो म्हणण्यामागे आणखी एक कारण होते. ते मी गुरुजींना सांगितले नाही.

चौथीचा इतिहास माझा स्वतःचाच अर्धा राहिला होता.

महाराष्ट्रातील शाळांत १९७० सालापासून चौथीच्या मुलांच्या हाती शिवछत्रपतींच्या चरित्राचे पुस्तक पडत आले. किती पिढ्यांना इतिहास म्हटला की तेच पुस्तक आठवते. मी चौथीत होते तेव्हा जूनमध्ये संतांपासून सुरुवात करून, शहाजीराजे, जिजाबाई, तोरणा असे करीत करीत आम्ही दिवाळीपर्यंत अफजलखानापाशी येऊन पोचलो होतो. घरी धाकटा भाऊ चार महिन्यांचा. आई फडात वाकली म्हणजे त्याला कोण धरणार? आजीला तेव्हा दिसत नव्हते, डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे होते. तेव्हा इकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी खान पडला आणि त्याच आठवड्यात आम्ही ट्रॉलीत चढलो.

पुढचे पाच महिने कोपीपुढे बसून मी भावाला झुलवले. पुस्तक दप्तरात होते. पण एका हाताने लेकरू आणि एका हाताने पुस्तक हे जमत नाही, ज्यांनी करून पाहिले आहे त्यांना विचारा. एक ट्रॅक्टरवाले मामा होते, त्यांना मी एकदा विचारले, की महाराज आग्र्याहून कसे सुटले? त्यांनी सांगितले खरे, पण त्यांच्या सांगण्यात महाराज मिठाईच्या पेटाऱ्यातून जे निघाले ते एका रात्रीत रायगडावर. मामांना वेगाची आवड होती. पाडव्याच्या सुमारास आम्ही परत आलो तेव्हा वर्गात पुस्तक संपून उजळणी चालली होती. मी पाचवीत गेले. पाचवीचे पुस्तक उघडले तर त्यात आदिमानव. महाराज माझ्यापुरते आग्र्यातच राहिले.

राज्याभिषेक झाला हे मला ठाऊक नव्हते असे नव्हे. सिंहासनावरचे महाराज कॅलेंडरवर असतात, ट्रॅक्टरच्या काचेवर असतात, शिवजयंतीच्या मिरवणुकीत असतात. पण धडा वाचणे वेगळे. पावसात आपण गोष्टीतून उठून जावे आणि परत यावे तो सगळे हसत बसलेले असावेत, तसे काहीसे मला त्या चित्रांकडे पाहून कित्येक वर्षे वाटत असे. आणि ज्याला झुलवताना हा धडा हुकला, तो भाऊ यंदा चौथीत, पहिल्या ओळीत, नाक पुसत माझ्यासमोर बसला होता.

आता माझ्या शिकवण्याची हकीकत. पहिला आठवडा पार फसला. मी कॉलेजातल्यासारखी फळ्यावर सनावळी लिहिली. १६३० जन्म, १६५९ प्रतापगड, १६६३ शायिस्ताखान, १६६५ पुरंदरचा तह, १६६६ आग्रा, १६७४ राज्याभिषेक. मुलांनी ती एका सुरात म्हटली. पाढे म्हणतात तशी. तिसऱ्या दिवशी दोन दात पडलेल्या एका पोराने हात वर केला.

"ताई, शिवाजी महाराज मव्ह्या आज्जीच्या आधी व्हते का मागून?"

वर्ग हसला नाही. माझ्या लक्षात आले, की हसण्यासारखे काही आहे हे कोणालाच कळले नव्हते. सर्वांनाच उत्तर हवे होते. मी सांगितले, "खूप आधी." तो म्हणाला, "म्हंजी किती आधी? आज्जीची आज्जी व्हती का तव्हा?" मी फळ्याकडे पाहिले. १६७४ हा आकडा तेथे होता, आणि त्याला हात न पाय.

दुसरा फटका किल्ल्याने दिला. मी विचारले, किल्ला कोणी पाहिला आहे? एकही हात वर येईना. मी म्हटले, "अरे, धारूरच्या बाजाराला जाता ना? मग?" एकाने फार समजुतीने मला सांगितले, "ताई, तिथला किल्ला शिवाजी महाराजांचा न्हाई. त्यो नुसता हाय."

नुसता! सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो बांधला, निजामशाहीने तो घेतला, पुढे मोगलांकडे गेला. ज्या गावाचे नाव आपण 'किल्ले धारूर' असे लावतो तेथला किल्ला चौथीच्या मुलाला नुसता वाटतो. पण दोष त्याचा कसा म्हणावा? पुस्तकातले सगळे काही सह्याद्रीत घडते. आमच्या डोंगरात काही घडलेच नाही, असा त्याचा समज. खरे सांगायचे तर बारावीपर्यंत माझाही तोच समज होता. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात बीड जिल्ह्याची माहिती आम्हांला होती. ती आम्ही 'गाळलेल्या जागा भरा' एवढ्यापुरती वाचली.

त्या रात्री घरी दावणीचे जुने चऱ्हाट सापडले. ते घेऊन मी दुसऱ्या दिवशी गेले आणि मुलांना म्हटले, एक वीत म्हणजे पंचवीस वर्षे. एका टोकाला आपण. एक वीत मागे तुमचे आईबाप लहान होते. दोन विती मागे गाठ मारा. ही १९७२ च्या दुष्काळाची. आणखी एक वीत मागे गाठ. हा १९४८ चा पोलीस ॲक्शन. मग मात्र मोजत चला. साडेदहा विती झाल्यावर राक्षसभुवन. मुलांना राक्षसभुवन शनीचे म्हणून ठाऊक. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे गोदेच्या काठी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथे मारला गेला, हे मी सांगितले. (माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान. हे मुलांना सांगितले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले असते.) चौदा विती झाल्या तेथे राज्याभिषेक. अठरा वितींच्या आसपास धारूरचा किल्ला आणि सलाबतखानाने बांधवलेली बीडची खजाना विहीर, जिचे पाणी जमिनीखालच्या नहरींनी शेतांना जाते. चऱ्हाट तेथे संपले आणि एक पोर आणखी दोर आणायला घरी पळाले. "आदिमानवाला किती लागंल?" असे त्याने दारातून विचारले. मी हिशेब करून सांगितले, की धारूरचा घाट उतरला तरी पुरणार नाही.

दात पडलेल्या पोराने आजीच्या गाठीपासून महाराजांच्या गाठीपर्यंत तीनदा विती मोजल्या. मग म्हणाला, "लई लांब न्हाई."

त्यानंतर मी रोज एक प्रश्न घरी न्यायला देऊ लागले. आमच्या प्राध्यापकांनी प्रथम वर्षाला इतिहासाची भौतिक, लिखित आणि मौखिक साधने शिकवली होती. मी ती पाठ केली होती आणि चाचणीत गुणही मिळवले होते. मौखिक साधने आमच्याच गल्लीत बाजेवर बसलेली आहेत, तपकीर ओढीत आहेत, हे मला तेव्हा सुचले नव्हते. आणि गंमत पाहा, उसाचे हे पाच महिने असे असतात की घराघरांत फक्त ती साधने आणि मुले एवढेच असतात.

पहिला प्रश्न बहात्तरच्या दुष्काळाचा. दुसऱ्या दिवशी वर्गात कालवा. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडताना बोटांना बांधलेल्या चिंध्या, पाण्यासाठी रात्रभर विहिरीच्या तळाशी बसणे. माझ्या भावाने सांगितले, की गावाच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव आपल्या आजीने बांधला. बाकीच्यांनी आरडाओरड केली, "मव्ह्या बी आज्जीनं! मव्ह्या बी!" तेव्हा नवी नवरी असलेली आमची आजी त्या कामावर होती, हे मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते. त्या कामांच्या अनुभवातून पुढे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, वि. स. पागे यांनी त्यासाठी खटपट केली, आणि २००५ साली देशाने तसा कायदा केला, एवढे मी जोडून दिले. आजीला हे रात्री सांगितले तर ती म्हणाली, "असंल. खडी लई टोचायची."

याचा एक परिणाम मात्र माझ्या अपेक्षेबाहेरचा झाला. रायगडाचा धडा आला तेव्हा मी सांगितले, की हे बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी केले, त्यांच्या नावाचा शिलालेख तेथे आहे. मागून प्रश्न आला, "एकट्यानं?" मी म्हटले, नाही, त्यांच्या हाताखाली पुष्कळ माणसे असतील. "त्यांची नावं?" नावे कोठे आहेत? आमच्या तलावावर तरी आजीचे नाव कोठे आहे!

दुसरा प्रश्न देताना मी कचरले होते. मशिदीशेजारच्या घरातली एक मुलगी वर्गात आहे. हुशार, टापटीप. अफजलखानाचा धडा चालू असताना मुले फार रंगात आली आणि तिच्याकडे वळून वळून पाहू लागली. ती पुस्तकात तोंड घालून बसली. मी मध्येच थांबून सांगितले, की त्या दिवशी महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा कुलकर्णी होता. मुले थोडी गोंधळली. गोंधळलेली मुले गप्प बसतात, तेवढा वेळ मला पुरला.

पण पोलीस ॲक्शन म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाडा निजामाच्या राज्यात राहिला, रझाकारांचा जुलूम वाढला, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. दरवर्षी झेंडा लागतो, भाषण होते, मुलांना गोळ्या मिळतात. मी एवढेच विचारून या म्हटले: त्या साली तुमच्या घरचे कोठे होते?

गावात त्या वेळची आठवण सांगणारी माणसे आता दोन-तीनच आहेत. एका मुलाच्या पणजोबांनी सांगितले, की रझाकार येणार अशी हूल उठली की आम्ही भाकरी बांधून बाजरीत जाऊन झोपत होतो. मुलाने ते रंगवून सांगितले. मग ती मुलगी उठली. म्हणाली, "मव्ही पणजी म्हणती, मिलट्री आल्यावर आम्ही बाजरीत जाऊन ऱ्हायलो व्हतो. तिच्या बापाला कुणीतरी न्हेलं. मंग तिनं पुढं काही सांगितलं न्हाई."

वर्ग विचारात पडला. माझ्या भावाने विचारले, "म्हंजी एकाच बाजरीत दोघं?"

मी म्हटले, "हो. आधी हे, मग ते."

दुसऱ्या दिवशी मी आपल्या सरांना हे सांगितले. त्यांनी पंडित सुंदरलाल समितीबद्दल सांगितले. पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी करायला भारत सरकारने ती पाठवली होती, तिच्या अहवालात बीड जिल्ह्याचेही नाव आहे, आणि तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नव्हता. त्याविषयी जे वाचायला मिळाले ते मी वाचले. मुलांना त्यातले काही सांगितले नाही. नऊ-दहा वर्षांच्या लेकरांना किती सांगावे? त्या दिवशी पाठ त्या दोन वाक्यांवर मी संपवला. बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. चऱ्हाटावर १९४८ च्या गाठीशेजारी त्या मुलीने दुसरी एक गाठ मारून ठेवली. मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

असो. राज्याभिषेकाचा धडा फेब्रुवारीत आला. आदल्या रात्री मी तो कंदिलाने वाचला. वीज गेली होती. चौथीतले पुस्तक, मोठा टाइप, अर्ध्या तासात संपले. मी पुन्हा वाचले. ६ जून १६७४, रायगड, काशीचे गागाभट्ट, होन आणि शिवराई ही नाणी, नवा शक. काय वाटले ते मला येथे लिहिता येणार नाही. नाक पुसून झोपले.

वर्गात धडा सुरू केला तर पहिल्याच परिच्छेदाला अडले. "ताई, आधीपस्नं राजेच व्हते की! मंग परत कशाला केलं?" हा प्रश्न मी स्वतः कधी विचारला नव्हता. मी सांगू लागले, की राज्य ते चालवीत होते, पण इतर बादशहा त्यांना राजा मानत नव्हते, जहागीरदाराचा मुलगा, बंडखोर म्हणत होते. मुद्रा, नाणे, शक हे सगळे आपल्या नावाचे झाल्याशिवाय... माझे वाक्य पुरे व्हायच्या आत मागचा एकजण ओरडला, "म्हंजी सातबारा नावावर झाला!"

आमच्या डोंगरात बाप जन्मभर कसतो आणि सातबारा चुलत्याच्या नावावर असतो, हे पोराला कोणी शिकवावे लागत नाही. सगळ्या वर्गाला राज्याभिषेक कळला. गागाभट्टांना एवढ्या थोडक्यात सांगता आले असते की नाही, शंका आहे.

मग मी त्यांना पुस्तकाबाहेरचे एक सांगितले. त्याच सुमारास महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवले होते. रयतेला कसलाही त्रास देऊ नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, या अर्थाचे ते पत्र प्रसिद्ध आहे. पण त्यातच आणखी एक काळजी आहे. रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी उपाशी मरतील. मुले एकदम गंभीर झाली. कोपीला आग कशी लागते हे त्यांतल्या निम्म्यांनी पाहिले होते. "उंदीर खरंच न्हेतो वात," एक मुलगी म्हणाली, "तेल असतंय ना तिला." राजाला हे ठाऊक होते, याचे त्यांना सिंहासनापेक्षा जास्त नवल वाटले.

त्या रात्री आईचा फोन आला. फडावर दिवसा मोबाईलला वेळ नसतो आणि रात्री चार्जिंग नसते, म्हणून बोलणे नेहमी घाईचे. भावाने माझ्या हातातून फोन ओढला आणि पहिलेच वाक्य टाकले, "आई, आज राज्याभिषेकाचा धडा झाला."

पलीकडे कोणीतरी मोळ्या मोजीत होते, त्यांचा आवाज येत होता.

"झाला का सगळा?" आईने विचारले.

"सगळा झाला."

"ताईनं शिकवला?"

"हूं."

"बरं झालं बाबा," आई म्हणाली. "जेवलास का?"